पहिले दोन आठवडे ताई गोष्टच का सांगतात?

(४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी)

घरगुती शिकवणी सुरू झाली की आठवड्याभरात बहुतेक घरांतून विचारणा होते, “ताई नुसत्या गोष्टी सांगतात, अभ्यास कधी घेणार?” म्हणून हे पत्रक.

पहिले सहा तास आम्ही पाटी-वही काढत नाही. ताई मुलाच्या शेजारी सतरंजीवर बसतात, समोर नाही. समोर बसलेलं नवं माणूस परीक्षा घ्यायला आल्यासारखं वाटतं. गोष्ट सात-आठ मिनिटांची, आणि तीच ओळीने तीन वेळा. “परवाचीच सांगितली” ही तक्रार मोठ्यांची असते, मुलांची नाही. पहिल्यांदा मूल ऐकतं, दुसऱ्यांदा पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं, तिसऱ्यांदा ते स्वतः बोलू लागतं.

चिऊ-काऊचीच गोष्ट घ्या. पावसात घर वाहून गेलेला काऊ दार वाजवतो. चिऊ म्हणते, “थांब, माझ्या बाळाला…” इथे ताई मुद्दाम थांबतात आणि मनात दहापर्यंत मोजतात. मूल ओठ हलवतं, सतरंजीचा दोरा ओढतं, आणि सहा-सात आकडे झाले की “तीट लावू दे!” बाहेर पडतं.

नेमकं इथेच घरून घाई होते. दोन-तीन आकडे होतात न होतात तोच आतून आवाज येतो, “सांग ना, येतं की तुला!” किंवा आजी उत्तर देऊन मोकळ्या होतात. हेतू चांगलाच असतो. पण मूल ताईंवरची नजर काढून आईकडे बघतं, आणि पुढे ताई थांबल्या की आधी आईकडेच वळतं. ती सवय सुटेपर्यंत तीन-चार तास जातात. फी तुमची जाते, म्हणून स्पष्ट लिहितो. तासाला घरात जरूर असा, फक्त मुलाच्या नजरेसमोर नको.

तास संपल्यावर “आज काय शिकलास, गोष्ट सांगून दाखव” हेही नको. त्यापेक्षा रात्री तुम्हीच गोष्ट सांगा आणि मुद्दाम चुका: “काऊचं घर होतं मेणाचं.” मूल तुम्हाला सोडणार नाही!

सातव्या तासापासून याच गोष्टीतून अभ्यास निघतो. शेण-मेण यमकातून आवाजांची ओळख, चिऊचा च आणि काऊचा क पाटीवर, दारावरच्या टकटकीतून मोजणी, आधी अंघोळ मग तीट यातून क्रम. ही काही आमची नवी टूम नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात गोष्टीला मानाचं स्थान दिलं, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. मूल इंग्रजी माध्यमात असलं तरी पहिल्या गोष्टी घरच्या बोलीतच सांगतो. मालवणी किंवा अहिराणी बोलत असाल तर नाव नोंदवतानाच सांगा, त्याप्रमाणे ताई ठरवता येतात.

शाळेतून आल्यावर लगेच तास ठेवू नका. खाणं आणि अर्धा तास विश्रांती होऊ द्या. टीव्ही शेजारच्या खोलीतलाही बंद हवा. मागून हाक मारल्यावर मूल वारंवार वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या.

ताई रजेवर असल्या तर आम्ही बदली ताई पाठवत नाही, तास पुढे भरून देतो. धाकटं भावंड गोष्टीपुरतं शेजारी बसलं तर त्याची वेगळी फी नाही.