सैनिक स्कूल की सैनिकी शाळा? ओपन डे पाहून आलेल्या ठाणेकर पालकांसाठी

निवासी शाळेचा ओपन डे पाहून आलेले पालक घोडबंदर रोडला असोत की नौपाड्यात, आधी परेडबद्दलच बोलतात. कडक इस्त्रीचे गणवेश, बँड, भाषणात तीनदा एनडीएचा, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा उल्लेख. ‘म्हणजे सैनिक स्कूलच ना?’ असं विचारलं की ‘हो, तसलंच’ म्हणतात. फी भरण्याआधी हे ‘तसलंच’ नीट तपासा. परेड दोन्हीकडे सारखीच दिसते, पण शाळा चालवणारे वेगळे असतात.

सैनिक स्कूल ही संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल्स सोसायटीची शाळा. पहिली साताऱ्याला २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, चंद्रपूरची २०१९ मध्ये. प्राचार्य सेवेतला सैन्याधिकारी, अभ्यासक्रम सीबीएसईचा. प्रवेश सहावीत किंवा नववीत, तोही अखिल भारतीय प्रवेश परीक्षा आणि वैद्यकीय तपासणीतूनच. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ लागतं. पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे, आणि तो मराठीतून देता येतो. मराठी माध्यमातल्या मुलांनी ही संधी मुळीच सोडू नये. नववीचा पेपर मात्र इंग्रजीतूनच.

सैनिकी शाळा ही राज्याची योजना. जिल्ह्याला एक अशी शाळा असावी, असं धोरण नव्वदच्या दशकात ठरलं. खासगी संस्था ती चालवते, शिक्षण विभाग अनुदान देतो, अभ्यासक्रम बहुधा राज्य मंडळाचा. कवायत शिकवायला निवृत्त सैनिक असतात. संरक्षण मंत्रालयाचा संबंध नसतो. मी या शाळांना कमी लेखत नाही. चांगली संस्था असेल तर मुलाला शिस्त, मैदान आणि शिकवणीच्या धावपळीविना अभ्यास मिळतो. पण ‘सैनिक स्कूल हुकलं, म्हणून हे’ अशा हिशेबाने मूल तिथे पाठवू नका. निवासी शाळा म्हणून ती पटली तरच पाठवा.

२०२१ पासून गोंधळ आणखी वाढलाय. केंद्राने खासगी आणि राज्यांच्या शाळांच्या भागीदारीत १०० नवी सैनिक स्कूल मंजूर केली. तिथे सोसायटीच्या सैनिक तुकड्या वेगळ्या असतात आणि त्याच आवारात संस्थेचे नेहमीचे वर्गही असू शकतात. फाटकावरचा फलक खराच असतो, तरी तुमचं मूल त्या तुकडीत असेलच असं नाही. ‘प्रवेश नेमका कोणत्या तुकडीत?’ हे लेखी विचारा, आणि शाळेचं नाव सोसायटीच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा.

एवढं झालं की वसतिगृहाकडे वळा. ओपन डेला दाखवतात ती खोली आवरलेलीच असणार. विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता ताप चढला तर मुलाने कोणाला उठवायचं? घरी फोन कधी करता येतो, आणि तेव्हा शेजारी कोण उभं असतं? मोठी मुलं लहानांकडून कामं करून घेतात का? शेवटचा प्रश्न शिक्षकांना विचारून उपयोग नाही. आठवीतल्या एखाद्या मुलाशी बाजूला, पाच मिनिटं बोला. आणि एरवीच्या आठवड्यात, न सजलेल्या दिवशी एकदा जेवणाच्या वेळी जाऊन या. खोपटहून एसटीने साताऱ्याला जाण्यात निम्मा दिवस मोडतो, पण मूल सात वर्षं राहणार असेल तर तो मोडायलाच हवा. परतताना मुलाला विचारा आणि त्याचं उत्तर मधे न बोलता ऐका. दहा वर्षांच्या मुलाला नको म्हणण्याचा हक्क आहे.

एनडीएची हमी दोन्हीकडे नाही. यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत आणि वैद्यकीय चाचणी सगळ्यांना सारखीच. बारावी ठाण्यातल्या कॉलेजातून केलेला मुलगाही ती देतो, आणि २०२१ पासून मुलीही देतात. शिवाय दहावीनंतरही एक वाट आहे: छत्रपती संभाजीनगरची राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांची अकरावी-बारावीत एनडीएसाठी तयारी करून घेते. तिची स्वतंत्र निवड परीक्षा दहावीच्या वर्षात होते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.