घंटी, कॉइल, कार्ट्रिज: टॅटू मशीनवरच्या भरवशाची पार्श्वभूमी

मशीन घेताना नवखा आर्टिस्ट आधी किंमत विचारतो, मग बॅटरी किती तास चालते ते. मुरलेल्याचा प्रश्न वेगळा असतो: सहा तास काम झाल्यावरही सुई पहिल्या तासाइतकीच खोल जाते का? या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांची खटपट आहे.

मुळात हे यंत्र कातडीसाठी बनलंच नव्हतं. थॉमस एडिसनने १८७६ मध्ये पेटंट घेतलेलं 'इलेक्ट्रिक पेन' कचेऱ्यांसाठी होतं. पेनाच्या डोक्यावर चिमुकली मोटर आणि खाली झरझर वरखाली होणारी सुई. ती कागदाला बारीक भोकं पाडत जायची, त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की खाली नक्कल उमटायची. पण आम्लाच्या ओल्या बॅटऱ्या सांभाळता सांभाळता कारकून मेटाकुटीला येत. कचेऱ्यांतून पेन गेलं, पण सुईची कल्पना न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने उचलली. ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला गोंदण्याच्या विजेवरच्या यंत्राचं पेटंट मिळालं. म्हणजे पहिलं पेटंट घेतलेलं टॅटू मशीन रोटरीच, फिरत्या मोटरवर चालणारं, होतं. आज रोटरीला 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हणून विकतात, तेव्हा हे आठवावं.

१९०४ मध्ये त्याच शहरातल्या चार्ली वॅग्नरने विद्युतचुंबकावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १९२९ मध्ये डेट्रॉइटच्या पर्सी वॉटर्सने आजच्या कॉइल मशीनशी मिळतीजुळती चौकट आणली. पुढची कित्येक दशकं राज्य कॉइलचंच होतं.

कॉइल मशीन म्हणजे दारावरची जुनी विजेची घंटी. करंट आला की कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबक होते आणि आर्मेचर बारला, म्हणजे सुई धरणाऱ्या लोखंडी पट्टीला, खाली ओढते, सुई आत जाते. बार खाली गेला की पुढची स्प्रिंग काँटॅक्ट स्क्रूपासून सुटते, करंट तुटतो, चुंबक मरतो आणि मागची स्प्रिंग बारला वर उचलते. पुन्हा काँटॅक्ट, पुन्हा ओढ. हे सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा चालतं. प्रत्येक तुटण्याला ठिणगी उडते आणि ती स्क्रूचं टोक हळूहळू खाते. कपॅसिटर ती ठिणगी बरीचशी गिळतो, पण तो गेला की आवाज फाटतो, लाईन थरथरते. मी शिकलो तो याच आवाजावर. उस्ताद पाठमोरे बसलेले असायचे आणि तिथूनच म्हणायचे, "स्प्रिंग थकली तुझी, बदल." रेघांचा लायनर वेगळा, भरणीचा शेडर वेगळा, आणि दोन्ही आपल्याच हाताने लावायचे. कॉइल बिघडायची खूप, पण स्क्रू घासून, स्प्रिंग वाकवून, रबरबँड बदलून पाच मिनिटांत पुन्हा उभी राहायची. माझ्या लेखी हाही भरवसाच.

पण त्या भरवशात एक मोठं भोक होतं: स्वच्छता. आपल्याकडे जत्रेतला गोंदणवाला बॅटरीवरच्या मशीनने एकाच सुईने ओळीत बसलेल्या सगळ्यांचे हात गोंदायचा. तिकडे न्यूयॉर्कने, जिथे हे यंत्र जन्मलं त्याच शहराने, हिपॅटायटिसचं कारण देऊन १९६१ मध्ये टॅटूवर बंदी घातली. ती उठली १९९७ मध्ये. पुढे एचआयव्हीची धास्ती आली आणि वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह, एकदाच वापरायची सुई, मशीनवर पिशवी हे धंद्याचे नियम झाले. सुईची ट्यूब आणि हातात धरायची ग्रिप १२१ अंशांच्या वाफेत टाकता येते. तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेली कॉइल नाही टाकता येत.

कार्ट्रिज त्यावरचा उपाय ठरलं. या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनच्या 'शायेन'ने कार्ट्रिजवर चालणारी हलकी रोटरी मशिनं टॅटूच्या बाजारात रुजवली. सुई, नळी सगळं एका डबीत, काम झालं की फेकून द्यायचं. आत लवचिक पडदा. तो सुईला मागे खेचतो आणि शाई-रक्त मशीनमध्ये जाऊ देत नाही. निदान जाऊ नये. एकदा स्वस्तातली कार्ट्रिज वापरली, काम संपवून ग्रिप उघडली तर आत काळी ओल. पडदा फाटला होता. त्या दिवशी ती ग्रिप टाकूनच दिली, आणि तेव्हापासून पडद्यावर पैसे वाचवत नाही.

पडद्याला दुसरी बाजूही आहे. तो जितका ताठ, तितका मोटरवर भार. दुबळी मोटर मोठ्या मॅग्नमला, म्हणजे भरणीच्या रुंद सुयांच्या जुडग्याला, दमते, सुई पूर्ण वेगाने वरखाली होत नाही आणि भरणी ठिपक्याठिपक्यांची होते. पेनाच्या आकाराच्या वायरलेस मशीनमध्ये बॅटरी उतरू लागली की काहींमध्ये हेच होतं. शिवाय बंद पेन बिघडलं तर आपण स्क्रू घासू शकत नाही. ते कंपनीकडे जातं, आणि सुटा भाग आपल्या शहरात मिळेल याची खात्री नसते. म्हणून सर्व्हिस कुठे होते हे मी किमतीच्या आधी विचारतो.

मशीन बघायला जाताना खिशात माझी नेहमीची कार्ट्रिज असते, त्यातली सगळ्यात मोठी मॅग्नम. ती लावून सरावाच्या रबरी कातडीवर दाबून भरणी करतो आणि कान देतो. आवाज खाली बसला, तर मशीन परत खोक्यात.