चाकातली मोटर की पेडलापाशी? दोन्हींवर २५० वॅटच लिहिलेलं असतं

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी दोन सायकलींचे फोटो पाठवून विचारतं, "दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही माउंटन, दोन्ही २५० वॅट. मग ही दुसरी अडीच पट महाग का? ब्रँडचे पैसे ना?" उत्तर देऊन देऊन कंटाळलोय. आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

सायकल तुम्हाला कळते असं धरून चालतो. गिअर कशाला असतात, डिस्क ब्रेक म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. जाड टायर आणि दांडीवर 'माउंटन' असं स्टिकर असलं की सायकल डोंगरावर जाते, असं मानणाऱ्यांसाठीही हा लेख नाही. त्यांना किनाऱ्यावरची वाळू लखलाभ.

गोंधळ आहे तो मोटरच्या जागेचा. हब मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे तारा जिथे जुळतात त्या मधल्या भागात बसते आणि थेट चाक फिरवते. मिड मोटर पेडलांच्या मधोमध, जिथे क्रँकचा (पेडलांच्या दांड्यांचा) आस असतो तिथे बसते आणि चेन ओढते. एवढं सगळ्यांना माहीत असतं. यातून पुढे काय होतं, ते मात्र दुकानदारही सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाच ठाऊक नसतं.

आधी वॅटचं. २५० हा आकडा सगळ्यांवर सारखा दिसतो, कारण तो कायद्यातून आलाय. सलग अर्धा तास टिकणारी शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, तर आपल्याकडे त्या सायकलला मोटार वाहन धरत नाहीत. नंबरप्लेट नको, लायसन्स नको. म्हणून जो तो २५० लिहितो. हा आकडा सायकल कुठल्या रकान्यात बसते ते सांगतो; तिच्या अंगात बळ किती, ते नाही. क्षणभरासाठी मोटर याच्या दुप्पट जोर काढू शकते आणि चांगल्या मोटरा काढतातही. (आणि "५०० वॅट आहे, पण रजिस्ट्रेशन लागत नाही, बिनधास्त घ्या" म्हणणाऱ्या दुकानातून बिनधास्त बाहेर पडा.)

वॅटनं भागत नाही म्हटल्यावर चौकस गिऱ्हाईक न्यूटन-मीटर, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं (टॉर्कचं) माप बघतं. खरा खड्डा इथे आहे. माझा मावसभाऊ याच खड्ड्यात पडला. तो राहतो गोव्यात, डिचोलीला. घरची काजूची बागायत सत्तरीत, गावाच्या वर सड्याच्या (डोंगरावरच्या खडकाळ पठाराच्या) कडेला. तिथे जाणारी वाट म्हणजे जांभ्याचे उघडे पडलेले दगड, मध्ये लाल माती आणि दोन-तीन ठिकाणी अशी चढण की मोटारसायकलवालासुद्धा पाय खाली टेकतो. त्यानं दोन सायकली निवडल्या होत्या. एक हबवाली, कार्डावर ६० न्यूटन-मीटर. दुसरी हलकी मिड मोटरवाली, ५० न्यूटन-मीटर आणि महाग. म्हापशाच्या एका दुकानदारानं त्याला सांगितलं, "अहो, कमी ताकदीला जास्त पैसे कशाला देता?" बिनतोड वाटलं. घेतली ६० वाली. पंधरा दिवसांनी फोन. "दादा, सपाटीवर विमानासारखी पळते रे, पण बागायतीच्या चढणीवर अर्ध्यात जीव सोडते. हात लावला तर चाकाचा तुंबा तापलेला."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्यानं दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवले होते.

हबवरचे ६० न्यूटन-मीटर चाकावर मोजलेले असतात. मोटर चाकातच आहे, तेव्हा त्याच्या पुढे काही नाही. मिळतील ते तेवढेच. मिड मोटरचे ५० मोजलेले असतात क्रँकवर. तिथून चाकापर्यंत जाताना मध्ये तुमचे गिअर येतात. पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ५१ धरा, आजच्या माउंटन सायकलींना हे सर्रास असतं. ५१ भागिले ३४ म्हणजे दीड. क्रँकवरच्या ५० चे चाकावर ७५ झाले. शिमानोची ईपी८ ही २०२० साली आलेली मिड मोटर कार्डावर ८५ न्यूटन-मीटर सांगते. त्याच गिअरमध्ये तिचे चाकावर १२७ होतात. उलट मागे ११ दात्यांचं छोटं चक्र लावलंत, तर त्याच ८५ चे चाकावर जेमतेम २७ उरतात. मिड मोटर गिअरच्या मागे उभी असते. गिअर बदलला की तुमच्या पायाइतकाच तिलाही फरक पडतो. हब मोटरच्या सायकलवर गिअर बदलता तेव्हा फक्त तुमच्या पायांना हलकं वाटतं, मोटरला त्याची खबरही नसते. तिला जन्मभर एकच गिअर.

"असू दे, माझ्या हबला ६० आहेत, चढणीला तेवढे पुरतात की," असं म्हणणारा इथे भेटतोच. म्हणून हिशेब करून दाखवतो. तुम्ही ७५ किलो, सायकल २५ किलो. चढण १५ टक्के, म्हणजे शंभर मीटर चाललात की पंधरा मीटर वर. वाट दगडमातीची. २९ इंची चाकाला यासाठी सुमारे ६० न्यूटन-मीटर लागतात. दगडांतून ताशी ६ किलोमीटर हा प्रामाणिक वेग धरला, तर एकूण २७५ वॅट. त्यातले १०० तुम्ही पायानं द्याल, उरलेले पावणेदोनशे मोटरनं द्यायचे. दोन्ही मोटरांना काम अगदी सारखं.

ताशी ६ किलोमीटरला चाक मिनिटाला ४३ फेरे घेतं. तेवढ्या संथ फेऱ्यांत पावणेदोनशे वॅट द्यायचे तर हबला सतत ३९-४० न्यूटन-मीटर ओढत राहावं लागतं. साध्या २५० वॅटच्या हबला एवढ्यातच धाप लागते. कार्डावरचे ६० हे क्षणभराचे. शिवाय ती बांधलेली असते ताशी २५ च्या आसपास, म्हणजे चाकाचे १८० फेरे होत असताना आरामात चालण्यासाठी. तिला त्या वेगाच्या चौथाईत राबवलं, की बॅटरीतला मोठा हिस्सा ओढण्यात न जाता उष्णतेत जातो. ती उष्णता बंद तुंब्यात कोंडते, आणि एवढ्या कमी वेगात वाराही लागत नाही. मग कंट्रोलर (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारी पेटी) स्वतःला वाचवायला जोर कमी करतो, आणि नेमका चढणीच्या मध्यावर तुम्हाला वाटतं की गाडीनं दगा दिला. कंट्रोलरनं जोर नाही आवरला, तर आतले नायलॉनचे दाते झिजतात.

तीच चढण मिड मोटरवर. मागे ५१ चं चक्र लावलंय. चाकाचे फेरे तेच ४३, पण क्रँक फिरतोय ६५ नं. तुमच्या पायालाही हाच ठेका बरा वाटतो, मोटरलाही. आणि तिला त्यासाठी द्यावे लागतात २५-२६ न्यूटन-मीटर. ८५ वालीला तिसरा हिस्सासुद्धा नाही, ५० वालीला निम्मे. वॅट सारखे, चढण सारखी, माणूस तोच. एक मोटर गळ्यापर्यंत आलेली, दुसरी गुणगुणत चाललेली. अडीच पट पैसे यासाठी.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा: "हे न्यूटन-मीटर क्रँकवरचे की चाकावरचे?" समोरचा गोंधळला, तर उत्तर मिळालं असं समजा. दुसरा प्रश्न मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला किती दाते. मिड मोटर घेऊन मागे २८ दात्यांचं चक्र लावलेलीही सायकल मिळते. ती म्हणजे पैसे देऊन घेतलेला मूर्खपणा, कारण मोटरला गिअरचा जो फायदा मिळायचा तोच तुम्ही काढून घेतलात.

मिड मोटरचं सगळं गोड नाही. मोटर आणि माणूस दोघांचा जोर एकाच चेनवर येतो, त्यामुळे चेन आणि चक्रं साध्या सायकलपेक्षा लवकर झिजतात. आपली लाल माती तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते, म्हणून पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चेन धुवावी लागते. गिअर बदलताना क्षणभर पाय सैल सोडायची सवय लागत नाही तोवर मागून असा कडाका येतो की काळजात चर्र होतं. चेन तुटली तर मिड मोटर म्हणजे ओझं. हबवाला मात्र अशा वेळी थ्रॉटल पिरगाळून घरी पोचतो, हे मान्य. हबचा कंट्रोलर गेला तर कुठल्याही जाणत्या मिस्त्रीकडे दुसरा जोडून मिळतो. मिड मोटर बिघडली तर ती सील केलेली पेटी जाते कंपनीकडे आणि तुम्ही जाता कदंबाच्या बसनं. कंपनीचा माणूस गोव्यात आहे की पार्सल बाहेर पाठवायचं, ते पैसे मोजायच्या आधी विचारा.

तरीही सड्यावर जायचं असेल तर माझं मत मिड मोटरलाच. वजनाचंही एक कारण आहे. हबचे तीन-एक किलो मागच्या चाकात असतात आणि दगडावर आपटताना ते सगळं चाकाच्या तारांवर येतं. मिड मोटरचं वजन मधोमध आणि खाली, म्हणून वळणावर सायकल आपली वाटते. रानात मागचं चाक पंक्चर झालं की हबवाल्यानं आधी वायरचा जोड सोडवायचा, मग पान्यानं मोठे नट काढायचे. पाना घरी राहिला असेल तर देव आठवायचा.

आता सेन्सर. मिड मोटर म्हणजे टॉर्क सेन्सर आणि हब म्हणजे कॅडन्स सेन्सर, असं समीकरण लोकांनी करून ठेवलंय. ते चूक. कॅडन्स सेन्सरला पेडल फिरतंय की नाही एवढंच कळतं. टॉर्क सेन्सरला तुम्ही किती दाबताय ते कळतं, आणि मोटर त्या प्रमाणात जोर देते. हबवरही टॉर्क सेन्सर येतो, आणि असा हब कॅडन्सवाल्यापेक्षा शतपट बरा. रानवाटेवर नुसता कॅडन्स सेन्सर धोक्याचा आहे. अर्धा फेरा पेडल फिरलं की तो सगळा जोर एकदम सोडतो, आणि ओल्या जांभ्यावर मागचं चाक घसरतं. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

बॅटरीचे अँपिअर-तास सांगून कुणी भुलवत असेल, तर व्होल्टनं गुणा. ३६ गुणिले १४ म्हणजे ५०४ वॅट-तास, ४८ गुणिले १०.४ म्हणजे ४९९. दोन्ही सारख्याच. "आमची ४८ व्होल्टची आहे" यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पुढचा धक्के झेलणारा फोर्क हवेचा घ्या. ब्रेक हायड्रॉलिकच हवेत, २५ किलोची सायकल उतारावर तारेच्या ब्रेकनं थांबवून बघितली की पटेल. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात वायरींचे जोड आधी गंजतात. हबची वायर आसातून बाहेर येते तिथे तिला खाली झोळ दिलाय का बघा, नाहीतर पाणी वायरीवरून ओघळत सरळ मोटरमध्ये शिरतं. भिजून आल्यावर चार्जिंगचं तोंड कोरडं पडेपर्यंत चार्जर लावू नका.

चाचणीबद्दल मात्र हट्ट धरा. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून काहीही कळत नाही. तिथे हबच सरस वाटेल, कारण थ्रॉटलनं झटका छान बसतो. पणजीत असाल तर आल्तिनोला चढणाऱ्या एखाद्या रस्त्यावर न्या. चढणीच्या मध्यावर थांबा, सगळ्यात हलका गिअर लावा, थ्रॉटलला हात न लावता बसूनच सुरुवात करा आणि ताशी ८ च्या वर जायचं नाही. वर पोचलात की पुन्हा खाली, पुन्हा वर. असं तीन-चारदा करून मोटरला हात लावून बघा आणि शेवटच्या फेरीचा जोर पहिल्या फेरीइतका आहे का ते बघा. दुकानदार एवढ्याला नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद नको. दुसरं दुकान बघा.

दिवाडीला फेरीनं जाऊन बेटावर फिरणं किंवा मिरामारपर्यंत सकाळची चक्कर, एवढंच करायचं असेल तर हब घ्या, उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि दिवे घ्या. फक्त तिला माउंटन बाइक म्हणू नका.

मावसभावानं शेवटी जुनी मिड मोटरवाली मिळवली. हबवाली आता काका चालवतात. रोज सकाळी डिचोलीच्या बाजारातून हँडलला नुस्त्याची (मासळीची) पिशवी अडकवून येतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की पोरानं उगाच दुसरी घेतली.