कुत्र्यांचे रोग : नेहमीचे व आनुवंशिक (कोकण किनारपट्टी)

कोकणातल्या कुत्र्यांचे रोग ढोबळमानाने दोन प्रकारचे. गोचीड, उंदीर, चिखल आणि दुसरी कुत्री यांच्याकडून येणारे नेहमीचे रोग, आणि आईबापांकडून रक्तात उतरणारे आनुवंशिक रोग. पहिले इथल्या हवापाण्याचे. दुसरे बहुतांशी लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड (वयस्कर माणसांच्या तोंडी अजून अल्सेशियनच), पग, डॉबरमन यांच्याबरोबर बाहेरून येतात. वाडीत राखणीला असलेल्या गावठी कुत्र्यांत जन्मजात व्यंगे कमी दिसतात, कारण अधू पिल्लू तिथे फारसे जगत नाही. त्यावरून ‘गावठीला काही होत नाही’ असे म्हणायची पद्धत पडली आहे. ते अर्धेच खरे : गोचीड जात बघून चावत नाही.

गोचीडताप हा इथला बारमाही रोग. तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) रक्त पिऊन टम्म झाली की कुत्र्यावरून गळून पडते आणि भिंत धरते. गिलावा न केलेली जांभ्या चिऱ्यांची भिंत तिला फारच सोयीची. चिऱ्याच्या भोकांत आणि सांध्यांत एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालू शकते. तिन्हीसांजेला पडवीच्या भिंतीवर बॅटरीचा झोत जवळून टाकला, तर खसखशीएवढी पिल्लावळ वर सरकताना दिसते. आयुष्यातला बहुतेक काळ ही गोचीड कुत्र्याच्या अंगावर नसतेच, आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरते. त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. भिंतीच्या फटी बुजवाव्या लागतात, नाहीतर तिथे औषध फवारावे लागते.

गोचिडींमार्फत येणारे मुख्य जंतू दोन. बबेसिया तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्यातली गिब्सोनाय ही जात भारतातच प्रथम सापडली : संशोधक पॅटन यांनी १९१० साली मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या कुत्र्यांच्या आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तात ती पाहिली. दुसरा जंतू एर्लिकिया, १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिलेला. तो पांढऱ्या पेशींत राहतो आणि प्लेटलेट उतरवतो. ताप, खाणे सोडणे, एका जागी पडून राहणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच. बबेसियात हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होऊ शकते. एर्लिकियात पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठतात, नाकातून रक्त येते.

कुत्रा दुखणे लपवतो, हिरडी लपवत नाही. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबावी. पांढरी झालेली जागा दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पुष्कळ गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. ताप मात्र हाताला कळत नाही. कुत्र्याचे अंग आपल्याहून गरमच, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. नाक कोरडे की ओले यावरून ताप ठरवणे हाही भ्रमच.

नाकातून किंवा हिरडीतून रक्त दिसले की कोकणात आणखी एक शंका घ्यावी लागते, ती फुरशाची. फुरशाच्या विषानेही रक्त गोठेनासे होते. फरक असा की दंशात तोंडाला किंवा पायाला अचानक सूज असते आणि कालपर्यंत कुत्रा धडधाकट असतो. गोचीडतापात तो आधीचे काही दिवस मलूल असतो. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन हे जंतुनाशक औषध चार आठवडे द्यावे लागते. ताप उतरला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या की जंतू आत दबा धरतो आणि काही महिन्यांनी हाडांतल्या मज्जेवर घाला घालतो. बबेसिया गिब्सोनाय एकट्या डॉक्सीसायक्लिनला दाद देत नाही, म्हणून कानाच्या टोकाचा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासणे आधी, औषध मागून. (सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६पासून चर्चेत असलेला माकडताप निराळा. तो माकडांचा नि माणसांचा रोग, आणि त्याची गोचीडही रानातली, दुसऱ्या जातीची.)

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो येतो. उंदरांच्या मुतातले जंतू खाचरातल्या पाण्यातून जखमेवाटे किंवा तोंडावाटे शरीरात जातात. कुत्रा ओकतो, अंग आखडून चालतो, आधी खूप पाणी पितो; मग लघवी कमी होते आणि डोळे पिवळे पडतात. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही रोगाच्या कचाट्यात सापडतात. अशा कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही लागण होते, तेव्हा पडवी उघड्या हाताने धुऊ नये. लस दरवर्षी लागते, आणि ती लसीत असलेल्या प्रकारांपुरतीच राखण करते.

पिसाळणे म्हणजे रेबीज. अंगावर धावून येणारा, लाळ गाळणारा कुत्रा सगळ्यांना ओळखू येतो. घात होतो तो मुक्या प्रकारात. कुत्रा कोपऱ्यात बसतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. मासळीभातावर वाढलेल्या कुत्र्याच्या बाबतीत घरच्यांना पहिल्यांदा सुचते ते ‘घशात काटा अडकलाय’, आणि कोणीतरी तोंडात हात घालतो. जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. लाळ जखमेला लागली किंवा कुत्रा चावला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुणे आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस, व डॉक्टरांनी सांगितले तर इम्युनोग्लोब्युलिनही, घेणे, हाच मार्ग आहे. लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो.

पिल्लांचे दोन शत्रू. पार्व्होचा विषाणू १९७८च्या सुमारास उद्भवला आणि जगभर पसरला : ओकाऱ्या, मग रक्ताळ हगवण, तिचा वास एकदा आला की विसरत नाही. विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून पिल्लू गेलेल्या अंगणात लगेच दुसरे आणू नये. डिस्टेंपरमध्ये डोळ्यांना-नाकाला चिकट पू, खोकला, पंजे टणक होणे. वाचले तरी कित्येकांचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर फडफडत राहतो. दोन्हींची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून चार महिन्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने देतात. एकच इंजेक्शन देऊन थांबणे म्हणजे छत्री उघडायच्या आधीच पावसात उतरणे.

मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येऊन रक्त ठिबकते. हा संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे. समागमात कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. तो बराही होतो, आठवड्याला एक याप्रमाणे दिलेल्या व्हिंक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी.

लूत दोन किड्यांची. सार्कोप्टिसची लूत कानाच्या कडा आणि कोपरांपासून सुरू होते, बेफाम खाजते आणि माणसाच्या हातालाही पुरळ आणते. डेमोडेक्सचा किडा आईचे दूध पिताना, अंगाला अंग लागून, जवळपास प्रत्येक पिल्लाकडे जातो. ज्याची प्रतिकारशक्ती जन्मतः लंगडी त्याचेच केस डोळ्यांभोवती झडतात, सुरुवातीला खाज नसते. ही लंगडी बाजू वंशात उतरते, म्हणून अंगभर डेमोडेक्स झालेल्या कुत्रीची वीण घेऊ नये. गॅरेजमधले जळके ऑइल फासायची रीत अजून आहे. कुत्रा ते चाटतो आणि लुतीपेक्षा त्यानेच जास्त आजारी पडतो.

दुसरी सवय गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन हे जंत-किड्यांचे औषध अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची. कोली व तत्सम मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या जातींत, क्वचित जर्मन शेफर्डमध्येही, एमडीआर-१ या जनुकात खोट असते. हे औषध त्यांच्या मेंदूत शिरते. झोकांड्या, लाळ, विस्फारलेल्या बाहुल्या आणि मग बेशुद्धी.

मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल असतो. पिल्लू सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकते, उठताना कुरकुरते. नव्या घरांतल्या गुळगुळीत लाद्यांवर त्याचे हाल होतात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते बरे चालते. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, खुब्याचा एक्स-रे नव्हे. लॅब्रॅडोर अधाशी का, याचे एक कारण २०१६ मध्ये पुढे आले : सुमारे चारातल्या एकात भूक आवरणाऱ्या पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला असतो. डाल्मेशियनला जन्मजात बहिरेपण आणि युरेटचे मूतखडे. पगच्या नाकपुड्या अरुंद, टाळू लांब. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत धापेतले पाणी नीट उडतच नाही. मे महिन्यात दुपारी जीभ जांभळी झाली तर तो थकवा नसून उष्माघात असतो : अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना.

लॅब्रॅडोर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू झिजण्याचा आनुवंशिक रोग आढळतो. आधी रात्रीचे दिसेनासे होते. सवयीच्या अंगणात कुत्रा वासावर आणि आठवणीवर नेमका चालतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. मग गणपतीत पडवीतली बाकडी इकडची तिकडे होतात, वीज जाते, आणि तो त्यांच्यावर आपटतो.