एक डिश, घरभर टीव्ही: क्लायंटच्या सेटिंग्ज आल्या कुठून?

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती आणि त्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नागपूर होतं. त्याआधी गल्लीतून आलेली एकच केबल स्प्लिटर लावून बैठकीत, आतल्या खोलीत, वरच्या मजल्यावर नेता येत असे. ट्यूनर, म्हणजे सिग्नलमधून चॅनेल पकडणारा भाग, टीव्हीतच होता आणि सिग्नल उघडा होता. सेट-टॉप बॉक्स आल्यावर जितके टीव्ही तितके बॉक्स लागू लागले. ट्यूनर एकाच जागी ठेवून चित्र घरच्या नेटवर्कवरून फिरवायचं, हा उपाय मात्र तोवर चांगलाच मुरला होता. क्लायंटमध्ये, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आज आपण जे रकाने भरतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना त्या वाटेवरच्या एखाद्या अडचणीतून आला आहे.

सुरुवात १९९६ची, पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतली. उपग्रहावरून येणारा टीव्ही वसतिगृहाच्या नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवायचा, असा विद्यार्थ्यांचा प्रकल्प होता. त्याच्या दोन बाजू होत्या: पाठवणारा सर्व्हर आणि दाखवणारा क्लायंट. हा क्लायंट म्हणजेच व्हीएलसी. २००१मध्ये तो मुक्त परवान्याखाली आला. टीव्हीचा डिजिटल प्रवाह १८८ बाइटच्या तुकड्यांत येतो. असे सात तुकडे, म्हणजे १३१६ बाइट, एका इथरनेट पाकिटात नीट बसतात, म्हणून यूडीपी या पद्धतीने पाठवलेल्या प्रवाहांत हाच आकडा सतत दिसतो. अशा प्रवाहातलं हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जात नाही. तारेवर त्याने फारसं बिघडत नाही. वायफायवर मात्र मल्टिकास्ट, म्हणजे सर्वांना एकदम पाठवलेला एकच प्रवाह, साधारणपणे सर्वांत कमी वेगाने आणि पोच न घेता जातो. चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि आवाज खातो. घरात एचटीटीपी किंवा टीसीपीवरचा युनिकास्टच निवडावा: त्यात प्रत्येक क्लायंटला वेगळा प्रवाह जातो आणि हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जातं. व्हीएलसीतलं नेटवर्क कॅशिंग (चित्र दाखवण्याआधी साठवून ठेवायचा अवधी) मुळात १००० मिलिसेकंद असतं. वायफायवर ते २००० ते ३००० केलं तर चॅनेल उशिरा लागतं, पण अडखळत नाही.

दुसरी धारा रेकॉर्डिंगवाल्यांची. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांचं व्हीडीआर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर २०००च्या सुमाराचं, तर आयझॅक रिचर्ड्‌स यांनी २००२मध्ये मिथटीव्ही सुरू केलं. मिथटीव्हीने ट्यूनर आणि डिस्क सांभाळणारा बॅकएंड आणि पडद्यासमोरचा फ्रंटएंड अशी स्वच्छ वाटणी केली, आणि त्याची किंमतही दाखवून दिली: दोन्हींची आवृत्ती जुळली नाही तर जोडणीच होत नसे. नंतरच्या टीव्हीहेडएंड या सर्व्हरने स्वतःची एचटीएसपी ही बोली आणली. तिच्यात क्लायंट आणि सर्व्हर पहिल्याच निरोपात आपापली आवृत्ती सांगतात, म्हणून थोडा फरक चालून जातो. जानेवारी २०१३मध्ये एक्सबीएमसी या मीडिया प्लेअरच्या बाराव्या आवृत्तीत थेट टीव्हीची सोय मूळ प्रोग्रॅममध्येच आली. पुढे त्याचंच नाव कोडी झालं. आमच्या मते घरासाठी आजही टीव्हीहेडएंड आणि कोडी हीच जोडी सर्वांत भरवशाची.

कोडीत पीव्हीआर (टीव्ही आणि रेकॉर्डिंगच्या) क्लायंटमधून टीव्हीहेडएंड एचटीएसपी क्लायंट घेतला की सर्व्हरचा आयपी पत्ता, एचटीटीपीसाठी ९९८१ आणि एचटीएसपीसाठी ९९८२ हे पोर्ट, नाव आणि पासवर्ड भरायचा. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता आधी पक्का करून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सगळे क्लायंट एकदम आंधळे होतात. टीव्हीहेडएंडचं वेब पान उघडतं पण कोडी जोडत नाही, तेव्हा बहुधा फायरवॉलमध्ये ९९८२ बंद असतो. जोडणी होते पण यादी रिकामी दिसते, तेव्हा टीव्हीहेडएंडला सिग्नलमध्ये सापडलेल्या सर्व्हिसेस चॅनेलला मॅप करायच्या (जोडायच्या) राहिलेल्या असतात. यादी आहे, चित्र नाही: त्या वापरकर्त्याला स्ट्रीमिंगची परवानगी नाही, किंवा एकुलता ट्यूनर दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर (बरीच चॅनेलं एकत्र आणणाऱ्या उपग्रहाच्या वाहकावर) अडकला आहे. एका ट्यूनरवर एका वेळी एकच ट्रान्सपॉन्डर लागतो. त्यावरची चॅनेलं मात्र कितीही खोल्यांत वेगवेगळी बघता येतात.

आता सिग्नल कुठला? फेब्रुवारी २०१६मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रसारण सुरू असल्याचं जाहीर केलं. त्यात औरंगाबाद होतं, नागपूर नव्हतं. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल कूटबद्ध असतात, ते कंपनीच्या बॉक्सशिवाय उघडत नाहीत. उरते डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली डीडी फ्री डिश, आणि तिचेही उघडे चॅनेल तेवढेच. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. नागपूरहून डिश आग्नेयेकडे, खऱ्या उत्तरेपासून सुमारे १४४ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर धरावी लागते. एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल घेणारा भाग, तोही साधारण ३३ अंश तिरका. इतका चढा कोन असल्याने शेजारची इमारत सहसा आड येत नाही. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट ट्यूनरच देतो, म्हणून ट्यूनरला स्वतःचा अडॅप्टर हवा. नुसत्या यूएसबीच्या जोरावर चालवला की निम्मे ट्रान्सपॉन्डर गायब होऊ शकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा बंद कपाटातला छोटा संगणक तापून मंदावतो आणि दोष नेटवर्कवर ढकलला जातो. त्याला मोकळ्या हवेत ठेवा.

फ्री डिशच्या बऱ्याच चॅनेलांचं चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीने दाबलेलं आणि इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी पाठवलेलं) आहे. २०१२च्या पहिल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एमपेग-२ नीट दाखवायचं तर वेगळा परवाना विकत घ्यावा लागे. रास्पबेरी पाय ४ हे काम सॉफ्टवेअरने सहज करतो. हलत्या चित्राच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर क्लायंटमध्ये डिइंटरलेस सुरू करावं.

कार्यक्रमपत्रिका प्रसारणातून मिळाली नाही तर एक्सएमएलटीव्ही फाइल जोडतात. त्या फाइलमधल्या वेळांपुढे +०५३० (जागतिक वेळेपासून भारतीय वेळेचा फरक) नसेल, तर आकडे जागतिक वेळेचे धरले जातात आणि सातच्या बातम्या पत्रिकेत साडेबाराला दिसतात. अशा वेळी क्लायंटचं घड्याळ बदलू नये, पत्रिकेचाच टाइम शिफ्ट उणे साडेपाच तास करावा.