हल्ला दहशतवादी, पण खटला दहशतवादाचा नाही: अमेरिकेतली गर्भपात केंद्रं आणि दोन वेगळे प्रश्न

अमेरिकेत गर्भपात केंद्रावर बॉम्ब फुटला किंवा तिथल्या डॉक्टरवर गोळी झाडली गेली, की दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. हा दहशतवाद आहे का? आणि असेल तर आरोपीवर दहशतवादाचा गुन्हा का दाखल झाला नाही? दुसऱ्याचं उत्तर 'दाखल झालेला नाही' असं आलं, की पुष्कळ लोक पहिल्याचंही उत्तर 'नाही' असंच धरून चालतात. गफलत इथेच होते. अमेरिकी कायद्यात एखादं कृत्य दहशतवादाच्या व्याख्येत बसणं वेगळं आणि तो शब्द आरोपपत्रात येणं वेगळं.

आधी व्याख्या पाहू. देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या २००१च्या पॅट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याने फेडरल, म्हणजे केंद्रीय, दंडसंहितेच्या कलम २३३१ मध्ये घातली. तिच्या अटी तीन. कृत्य मानवी जिवाला धोकादायक असावं आणि त्यात फेडरल किंवा राज्याच्या फौजदारी कायद्याचा भंग व्हावा. नागरिकांना धाकात ठेवण्याचा, धाकाने सरकारचं धोरण वळवण्याचा, किंवा हत्या, अपहरण, मोठा विध्वंस यांतून सरकारच्या कारभारावर परिणाम घडवण्याचा हेतू त्यात दिसावा. आणि ते मुख्यतः अमेरिकेच्या हद्दीत घडावं. हेतू 'दिसावा' एवढंच कलम म्हणतं, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

या व्याख्येला शिक्षाच जोडलेली नाही. तिचा उपयोग तपासाचे अधिकार, माहितीची देवाणघेवाण, मालमत्ता जप्ती अशा कामांसाठी. आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे आणि लगेच कलम १६ मध्ये शिक्षा. त्यामुळे मराठी वाचक अमेरिकेतही तसंच असणार असं गृहीत धरतो. तिथे देशांतर्गत संघटनांची बंदी-यादीही नाही. परदेशी संघटना परराष्ट्र खातं यादीत घालतं आणि तिला मदत करणं हा गुन्हा ठरतो. पण 'आर्मी ऑफ गॉड' या गर्भपातविरोधी हिंसक गटाच्या नावाने १९८२पासून अपहरण, बॉम्बस्फोट आणि धमक्यांची जबाबदारी घेतली गेली, तरी त्या नावावर बंदी घालण्याची यंत्रणाच नाही.

आता ही व्याख्या एरिक रुडॉल्फ या गर्भपातविरोधी हल्लेखोराला लावून बघा. १६ जानेवारी १९९७ रोजी अटलांटाजवळच्या सँडी स्प्रिंग्ज इथल्या केंद्रावर त्याने दोन बॉम्ब ठेवले. पहिला इमारतीत फुटला. दुसरा साधारण तासाभराने पार्किंगजवळ फुटला, तपासासाठी पोलीस आणि मदतकर्मी जमलेले असताना. दुसऱ्या बॉम्बची ती वेळ आणि जागा पाहिली, की धाक कुणाकुणाला घालायचा होता हे वेगळं सांगावं लागत नाही. २९ जानेवारी १९९८ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या केंद्राबाहेर त्याच्या खिळे भरलेल्या बॉम्बने तिथे पहाऱ्यावर असलेला एक पोलीस अधिकारी ठार झाला आणि एक परिचारिका गंभीर जखमी झाली. त्याआधीचा, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधला स्फोटही त्याचाच. गर्भपाताला मुभा देणाऱ्या वॉशिंग्टनच्या सरकारला जगापुढे लाजवायचं होतं, असं त्याने २००५ मध्ये गुन्हा कबूल करताना लेखी सांगितलं. जिवाला धोका, कायद्याचा भंग, नागरिकांना धाक, सरकारवर दबाव: व्याख्येतलं काहीच सुटत नाही. शिक्षा मात्र झाली ती स्फोटकांच्या कलमांखाली, पॅरोलविना जन्मठेपांची.

'दहशतवाद' हा शब्द वापरायला सरकार सुरुवातीला तयार नव्हतं. १९८४च्या नाताळच्या दिवशी फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरात गर्भपात होणाऱ्या तीन ठिकाणी बॉम्ब फुटले. त्याच वर्षी एफबीआयचे संचालक विल्यम वेबस्टर यांनी असे स्फोट दहशतवादाच्या व्याख्येत बसत नाहीत अशी भूमिका घेतली होती. तपास दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं पाहणाऱ्या एटीएफकडे राहिला. आज एफबीआयच्या वर्गवारीत 'गर्भपाताशी संबंधित हिंसक अतिरेक' हा देशांतर्गत दहशतवादाचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि गर्भपाताच्या बाजूची हिंसा व विरोधातली हिंसा अशा दोन्ही त्यात मोडतात. चाळीस वर्षांत कृत्यं तीच राहिली, बदलली ती सरकारची नजर.

मग आरोपपत्रात काय असतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते: राज्याचा खुनाचा कायदा, जाळपोळ आणि स्फोटांचं फेडरल कलम ८४४(आय), किंवा या केंद्रांची वाट मोकळी ठेवण्यासाठी केलेला १९९४चा फेस कायदा. १० मार्च १९९३ रोजी पेन्साकोलातच गर्भपात करणारे डॉ. डेव्हिड गन यांचा खून झाला आणि त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, मे १९९४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फेस कायद्यावर सही केली. बळ, धमकी किंवा वाट अडवून प्रजनन आरोग्यसेवा देणाऱ्याला अथवा घेणाऱ्याला रोखणं, आणि केंद्राच्या मालमत्तेची नासधूस करणं, हे त्यात गुन्हे आहेत. पहिल्यांदा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पुन्हा केल्यास तीन, इजा झाली तर दहा, मृत्यू झाला तर जन्मठेपेपर्यंत. नुसतीच अहिंसक अडवणूक असेल तर पहिल्या वेळी कमाल सहा महिने. हाच कायदा प्रार्थनास्थळांना आणि गर्भपाताऐवजी बाळंतपणाचा सल्ला देणाऱ्या केंद्रांनाही संरक्षण देतो, हे त्याचे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

सरकारी वकील ही कलमं का निवडतात, याचं कारण पुराव्यात आहे. 'दहशतवादाचा फेडरल गुन्हा' अशी दुसरी एक व्याख्या कलम २३३२बी मध्ये आहे, आणि ती जास्त कडक आहे. सरकारच्या वागण्यावर धाकाने परिणाम घडवण्यासाठी किंवा सरकारचा सूड उगवण्यासाठी कृत्य 'योजलेलं' होतं, हे तिथे सिद्ध करावं लागतं; हेतू दिसून भागत नाही. शिवाय गुन्हा ठरावीक यादीतला असावा लागतो. ८४४(आय) त्या यादीत आहे, फेस कायदा नाही. आणि गर्भपात केंद्र बहुधा खासगी असतं. डॉक्टरने काम सोडावं म्हणून गोळी झाडणारा माणूस सरकारला काही सांगत होता का, यावर बचाव पक्षाला हवा तेवढा वाद घालता येतो. खुनाच्या किंवा जाळपोळीच्या कलमात हा वादच येत नाही.

ही दुसरी व्याख्या खरी उपयोगाला येते ती शिक्षा ठरवताना. फेडरल न्यायाधीश शिक्षेचा पट्टा ज्या कोष्टकावरून काढतात त्या शिक्षा मार्गदर्शिकेतली दहशतवादाची वाढ लागू झाली, की गुन्ह्याची पातळी बाराने वर जाते, किमान ३२ होते, आणि आरोपीची पाटी कोरी असली तरी त्याला सराईताच्या सर्वांत वरच्या, सहाव्या वर्गात धरलं जातं. २४ पातळीच्या जाळपोळीला पहिल्यांदाच सापडलेल्या आरोपीसाठी ५१ ते ६३ महिन्यांचा पट्टा असतो. वाढ लागली की तो ३२४ ते ४०५ महिने होतो. ८४४(आय)ची किमान मर्यादा पाच वर्षं आणि कमाल वीस, म्हणून प्रत्यक्षात न्यायाधीश वीस वर्षांवर थांबतात. तरीही पाच आणि वीस यांतला फरक एका हेतूच्या निष्कर्षावर ठरतो. रोख सरकारवर नसून नागरिकांवर असेल तर काय, ही फट भरायला २००२ मध्ये एक टीप जोडली गेली: अशा वेळीही न्यायाधीशाला शिक्षा वर नेता येईल. म्हणून दहशतवाद हा शब्द आरोपपत्रात नसला, तरी शिक्षेच्या सुनावणीचे कागद पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर यांचं प्रकरण या चौकटीत ठेवून बघा. १९९३ मध्ये त्यांच्या दोन्ही हातांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी ते कामावर परतले. ३१ मे २००९ रोजी कॅन्ससमधल्या विचिटा इथे, त्यांच्या चर्चमध्ये, स्कॉट रोडरने त्यांना ठार केलं. खटला राज्याच्या न्यायालयात खुनाचा चालला; ज्यूरीला ३७ मिनिटं लागली. दहशतवाद हा शब्द निकालात येण्याची गरजच नव्हती. पण परिणाम बघा: गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भपात करणाऱ्या देशातल्या मोजक्या केंद्रांपैकी त्यांचं केंद्र एक होतं, ते कायमचं बंद झालं, आणि विचिटामध्ये ही सेवा पुन्हा सुरू व्हायला २०१३ उजाडलं. मारला एक माणूस गेला, पण धाक त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या प्रत्येकाला बसला. 'नागरिकांना धाकात ठेवणं' म्हणतात ते हेच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रस्ता अडवणं आणि आग लावणं

उलट दिशेची चूकही होते: केंद्रापुढची प्रत्येक गडबड दहशतवाद म्हणून मोजली जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन डीसीतल्या केंद्रात काही आंदोलक घुसले आणि साखळ्या-कुलुपं लावून वाट अडवून बसले. हा फेस कायद्याचा भंग होता आणि त्यातून आत आलेल्या बायकांना त्रास झाला. पण जिवाला धोका ही व्याख्येतली पहिलीच अट तिथे पुरी होत नाही. त्यांतल्या प्रमुख आरोपीला ५७ महिन्यांची शिक्षा झाली म्हणून 'बघा, दहशतवादीच ठरवलं' असं म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटतात. ती मुदत आली दुसऱ्याच कलमातून: नागरी हक्कांविरुद्ध कट, कलम २४१, कमाल दहा वर्षं.

बाजू बदलली की माप बदलतं का, हे २०२२च्या दोन घटनांतून तपासता येतं. १३ मार्चला कॅलिफोर्नियात कोस्टा मेसा इथल्या, गर्भपातसेवा देणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहुड संस्थेच्या केंद्राच्या दारावर पेट्रोल बॉम्ब पडला. टाकणारा अमेरिकेच्या मरीन दलातला कार्यरत सैनिक होता आणि वीज उपकेंद्रावर हल्ल्याचाही त्याचा बेत होता. ८ मे रोजी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे गर्भपातविरोधी संघटनेच्या कार्यालयात पेट्रोल बॉम्ब फेकला गेला. तो पेटला नाही, म्हणून हल्लेखोराने वेगळी आग लावली आणि भिंतीवर लिहिलं की गर्भपात सुरक्षित नसतील तर तुम्हीही सुरक्षित नाही. पुढे त्याने सार्वजनिक कचरापेटीत टाकलेल्या अर्धवट खाल्लेल्या बरिटोवरच्या डीएनएवरून तो सापडला. दोघांवरही आग आणि स्फोटकांची कलमं लागली. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्याला नऊ वर्षं झाली, दुसऱ्याला साडेसात. आमच्या मते दोन्ही कृत्यं व्याख्येत बसतात, आणि एकाला दहशतवाद म्हणून दुसऱ्याला निषेध म्हणणाऱ्याने व्याख्या वाचलेली नाही.

२३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेस कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी दिली. दहशतवाद्यांना सोडलं, अशी ओरड झाली. ते बरोबर नव्हतं, कारण ही प्रकरणं मुख्यतः अडवणुकीची होती. खरी काळजीची गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. फेस कायद्याचे नवे खटले फक्त असाधारण परिस्थितीत, म्हणजे मृत्यू, गंभीर इजा किंवा मालमत्तेचं मोठं नुकसान असेल तरच चालवावेत, असा आदेश न्याय खात्याने काढला. खून आणि स्फोट त्यातून सुटत नाहीत. सुटतात त्या धमक्या, पाठलाग आणि दारातली दमदाटी. डॉ. गन यांचा खून होण्याआधी त्यांच्या फोटोची 'वाँटेड' पत्रकं वाटली गेली होती. आज तसं पत्रक एखाद्या डॉक्टरच्या गल्लीत लागलं, तर आधी आधार शोधावा लागेल तो राज्याच्या कायद्याचा, आणि कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत फेससारखा स्वतःचा कायदा असला तरी सगळीकडे तो नाही.