नादारीचा अर्ज: कोणतं कर्ज सुटतं, कोणतं मानगुटीवर राहतं

नादार म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत नाही असं कोर्टाने ठरवलेला माणूस. ‘नादार ठरलो की सगळं कर्ज माफ’ ही समजूत आधी काढून टाका. नादारीतून बरीच देणी सुटतात, पण सगळी नाही, आणि अर्ज मंजूर झाला त्या दिवशी तर एकही सुटत नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लोक २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं नाव घेतात. त्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. पगारदार, किराणा दुकानदार, रिक्षावाला यांना अजून इंग्रजांच्या काळचेच कायदे: मुंबई शहरात १९०९ चा, अर्ज उच्च न्यायालयात, शहराबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज जिल्ह्यातल्या न्यायालयात. खालची माहिती १९२० च्या कायद्याची आहे.

पात्रता सोपी. कर्ज फेडण्याची ऐपत नसावी, आणि देणं किमान ५०० रुपये असावं किंवा पैसे वसुलीच्या हुकूमनाम्यापोटी (कोर्टाच्या निकालापोटी) अटक वा जप्ती झालेली असावी. मूळ कायद्यातला आकडाच एवढा आहे, तेव्हा इथे कुणी अडत नाही.

अडतात ते धनकोंच्या, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्या, यादीवर. प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि रक्कम लागते. लोक बँका लिहितात आणि पतसंस्था, भिशी, मेहुण्याकडचे हातउसने गाळतात. ‘ते घरातलं आहे हो,’ असं म्हणतात. कोर्टाला ती लपवाछपवी दिसते. ॲपवरून घेतलेल्या कर्जाला पत्ता कुठून आणायचा, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. कर्ज देताना पाठवलेल्या अटींच्या कागदात खरी कर्ज देणारी वित्तसंस्था कोण ते छापलेलं असतं. पत्ता तिचा लिहायचा, ॲपचा नाही.

मालमत्तेची यादीही अशीच पूर्ण हवी: सातबारा, विमा पॉलिसी, दुचाकी, सोनं. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, मंगळसूत्र हे जप्तीतून वगळलेलं आहे, त्याची धास्ती नको. मात्र अर्जाच्या तोंडावर घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करून ठेवू नका. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतला असा व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं, आणि हेतूवर संशय येतो तो वेगळाच.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. नादार ठरवणाऱ्या आदेशातच एक मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत कर्जमुक्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि देणी सुटतात ती त्या अर्जावरच्या आदेशाने. आदेशाची नक्कल पिशवीत घालून ‘झालं एकदाचं’ म्हणत लोक घरी जातात. मुदत टळली की आदेश रद्द होऊ शकतो, आणि मग कोर्टाच्या परवानगीशिवाय नव्याने अर्जही करता येत नाही. हे दाराशी कुणी समजावून सांगत नाही. एक ओळ मोठ्या अक्षरांत छापायला काय जातं, देव जाणे.

कर्जमुक्तीच्या वेळी मालमत्ता देण्याच्या दर रुपयामागे पन्नास पैसेही भरत नसेल, तर ती वेळ आपल्या दोषाने आली नाही हे दाखवावं लागतं. दवाखान्याची बिलं, नोकरी गेल्याचं पत्र जपून ठेवा. धंदा असेल तर मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्याही.

एवढं करूनही सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. तारण असेल तर बँक त्या घरावर किंवा गाडीवर हात टाकू शकते. तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. ज्या मित्राने सही केली त्याला हे अर्जाआधीच सांगा. नंतर त्याच्या दारात नोटीस गेली की मैत्री संपते.

वसुलीवाल्यांचे फोन नुसत्या अर्जाने थांबत नाहीत. पण सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. लेखी तक्रार आधी बँकेकडे करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. या तक्रारीला पैसे लागत नाहीत. परवाना नसलेल्या सावकाराचं प्रकरण वेगळं, ते जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे न्या.

फुकट वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. खिडकीवर बाईकडेही उत्पन्नाचा दाखला मागतात. तिने नम्रपणे सांगावं की कायद्यात तो लागत नाही. बाकीच्यांचंही उत्पन्नाचं शपथपत्र पुरेसं धरता येतं, तहसीलच्या फेऱ्या मारण्याआधी तेवढं विचारून घ्या.

प्राधिकरणात बहुतेकदा आधी लोकअदालतीत तडजोड सुचवतील. ऐकून जरूर घ्या, कोर्ट फी लागत नाही. पण त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून महिन्याला किती हप्ता झेपेल तो आकडा घरूनच लिहून न्या.